कपाटाचं दुसरं टोक

घर दुमजली होतं. खाली थोरला मुलगा, त्याची बायको आणि म्हातारे आईवडील राहायचे. वर धाकटा मुलगा आणि त्याची बायको. स्वयंपाक एकच, खालचा. दोघी जावांचं चांगलं जमायचं. इतकं, की घाईच्या वेळी एकमेकींच्या चपला घालून निघून जायच्या आणि संध्याकाळपर्यंत दोघींच्याही ते लक्षात यायचं नाही.

पंचाईत होती ती नोकऱ्यांची. दोघीही कॉम्प्युटरवरचे खेळ विकणाऱ्या दुकानांत कामाला होत्या, आणि ती दुकानं एकमेकांच्या जिवावर उठलेली होती. या दुकानांना शटर नसतं की गल्ला नसतो. गिऱ्हाईक घरी बसून पैसे भरतं आणि खेळ त्याच्या कॉम्प्युटरवर उतरतो.

थोरली होती जुन्या दुकानात. कॉम्प्युटरवर खेळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं खातं तिथं. वर्षानुवर्षं घेतलेले खेळ तिथं, खेळातले मित्रही तिथंच. हजारो खेळांमधून पहिल्या पानावर कोणते दिसावेत हे ठरवणाऱ्या मंडळींत थोरली होती. छोट्या खेळांच्या पानांवर लोक जे लिहायचे, त्याच्यावर नजर ठेवण्याचं कामही तिच्याकडेच होतं.

धाकटी होती नव्या दुकानात. एका बक्कळ पैसेवाल्या कंपनीनं ते काढलं होतं. खेळ बनवणाऱ्यांकडून कमिशन कमी घ्यायचे, दर आठवड्याला एक खेळ फुकट वाटायचे. लोक यायचे, फुकटचा खेळ घ्यायचे आणि खेळायला परत जुन्या दुकानात जायचे. धाकटीचा स्वतःचा नवराही त्यातलाच. शेवटी नव्या दुकानानं दुसरी वाट धरली. चांगला खेळ बाजारात येण्याआधीच बनवणाऱ्याला गाठायचं, एकरकमी पैसे द्यायचे आणि लिहून घ्यायचं, की वर्षभर हा खेळ फक्त आमच्याकडेच विकला जाईल. असे खेळ हुडकून आणणं हे धाकटीचं काम.

सुरुवातीला दोघींची जेवताना जुंपायची. सासूबाईंनी एकदा ताट बाजूला सारून सांगून टाकलं, "जेवायला बसलं की दोन्ही दुकानं बंद." तेव्हापासून तो नियमच झाला आणि सगळ्यांनाच बरं वाटलं.

एका रविवारी दुपारी धाकटी वर आडवी झाली होती. खालून सासऱ्यांच्या ओरडण्याचा आवाज आला. ती घाबरून खाली धावली. बघते तर सासरे थोरलीच्या कॉम्प्युटरसमोर बसून दोन्ही हातांनी कीबोर्ड दाबत होते.

"अगं तिरकं! तिरकं घे! कठड्याला लागतंय!"

शेजारी थोरली हसून हसून पुसलेले डोळे पुन्हा पुसत होती. पडद्यावर दोन छोटी माणसं एक भलंमोठं कपाट जिन्यावरून खाली उतरवत होती. एक टोक सासऱ्यांकडे, दुसरं थोरलीकडे. दोघांपैकी एकाचं जरी पाऊल चुकलं तरी कपाट गडगडत खाली, आणि मग ज्यांचं घर बदलायचंय त्या बाई वरून डोकावून बघायच्या. काही बोलायच्या नाहीत. नुसत्या बघायच्या. ते जास्त वाईट होतं.

"ये, माझ्या जागी बस," थोरली उठली. "माझा हात दुखला."

धाकटी बसली. सासऱ्यांची सगळी नोकरी बदल्यांत गेलेली. आयुष्यभर सामान हलवून त्यांना जे राग काढता आले नव्हते ते सगळे त्यांनी त्या दुपारी काढले. कपाट टेम्पोत चढलं तेव्हा खेळातल्या माणसानं दमलेल्या आवाजात "हुश्श, झालं एकदाचं" म्हटलं, आणि सासऱ्यांनी धाकटीच्या पाठीवर थाप मारली.

"कुठला खेळ हा?" तिनं विचारलं.

"'जरा तिरकं'. दोघा मित्रांनी बनवलाय. अजून पूर्ण झालेला नाही, ही नुसती चव आहे," थोरली म्हणाली. "आमच्याकडे याचं पान आहे. केवढे लोक वाट बघतायत माहितेय? मी वर्षभर पाळत ठेवून आहे याच्यावर."

सोमवारी धाकटीनं ऑफिसात तो खेळ आपल्या बाईंना दाखवला. बाई, म्हणजे तिच्या वरिष्ठ, दोनच मिनिटं खेळल्या आणि म्हणाल्या, "आण हा."

धाकटीच्या मनाला जरा टोचलं. पण पान सगळ्या जगाला दिसत होतं, काही चोरी नव्हती. थोरलीला सांगून टाकू, असं तिनं ठरवलं. आज सांगते, उद्या सांगते करता करता ते राहूनच गेलं.

दोघे मित्र एका छापखान्याच्या वरच्या खोलीत काम करायचे. खालचं मशीन चालू झालं की टेबलावरचे पेन हळूहळू कडेला सरकायचे. एकाला सगळे जाड्या म्हणत, दुसऱ्याला बारक्या. जाड्या प्रोग्रॅम लिहायचा. बारक्या चित्रं काढायचा आणि आवाज करायचा. खेळातलं कण्हणं, कुंथणं, "हुश्श" सगळं त्याचंच होतं. पाटाचा, टेबलाचा, लोखंडी पलंगाचा आवाज त्यानं खऱ्या वस्तू ओढून टिपलेला. दिवसा जाड्या लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, बारक्या दुकानांच्या पाट्यांची चित्रं करायचा. उरलेल्या वेळात खेळ. म्हणून खेळ पुरा होता होत नव्हता.

धाकटी तिथं गेली आणि वर्षभराच्या कराराचे किती पैसे मिळतील तो आकडा तिनं सांगितला.

"म्हणजे पाट्या बंद," बारक्या हळूच म्हणाला.

"एक गोष्ट आधीच सांगते," धाकटी म्हणाली. तिला गोड बोलून फसवायचं नव्हतं. "जुन्या दुकानात जे वाट बघतायत ते चिडतील. असं आधीही झालंय."

"चिडतील तर चिडतील, मॅडम. खेळ तोच आहे ना? फक्त दुकान बदललं," जाड्या म्हणाला.

बारक्या खिडकीकडे बघत होता. "एवढे दिवस थांबलेत ते. त्यांना काय सांगायचं?"

"खरं ते सांगायचं. की पूर्ण वेळ बसून खेळ पुरा करता यावा म्हणून हे केलं."

त्यांनी चार दिवस विचार केला आणि सही केली.

थोरलीला कळलं ते ऑफिसात, जाहीर झाल्यावर, बाकी सगळ्यांबरोबर. त्या संध्याकाळी जेवताना नियम काटेकोर पाळला गेला. "मीठ दे" आणि "पाणी घे" यापलीकडे कुणी बोललं नाही. सासरे एकदा म्हणाले, "तो कपाटाचा खेळ लाव ना गं उद्या," आणि दोघींचे हात एकदमच तांब्याकडे गेले.

जेवण झाल्यावर जिन्यात थोरलीनं तिला थांबवलं.

"बाबांच्या शेजारी बसून खेळलीस आणि दुसऱ्या दिवशी उचलून नेलास."

"ताई, पान सगळ्यांनाच दिसत होतं."

"हो. पण तुला ते मी दाखवलं होतं."

एवढं बोलून ती आत गेली. थोरलीनं दारही आपटलं नाही, नेहमीसारखंच लावलं. तेच धाकटीला जास्त लागलं.

लोकांचा राग धाकटीला वाटलं होतं त्याच्या कितीतरी पट निघाला. आणि तो निघाला जुन्या दुकानातल्या त्या पानावर, कारण वाट बघणारे तिथंच जमलेले होते. पहिल्या दिवशी लोक नुसते हिरमुसले होते. दुसऱ्या दिवसापासून भाषा बदलली. विकले गेले, पैशापुढे शेपूट हलवली, असं सुरू झालं आणि तिथून घसरत कुठल्या कुठे गेलं. मग कुणीतरी बारक्याचा आवाज खेळातून उचलला. ते कण्हणं, ते "हुश्श" असं काही तोडून जोडलं, की ऐकणाऱ्याला किळस यावी. ती फीत एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं दहांना पाठवली.

थोरली हे सगळं वाचत होती. तिचं कामच ते होतं. तिनं शिव्या पुसायला सुरुवात केली तशी तिच्या साहेबांनी तिला बोलावलं.

"फार हात चालवू नका," ते म्हणाले. "धमक्या काढा, बाकी राहू द्या. लोकांचा राग आहे, बोलू दे त्यांना. उद्या दुसरा कुणी नव्या दुकानाकडे वळायला लागला, तर हे पान बघून दहादा विचार करेल."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांच्या टेबलावर मुलीनं केलेला मातीचा हत्ती होता. गिऱ्हाईक हातचं जातंय म्हणून वरून त्यांच्याही मागे तगादा होता. थोरली "बरं" म्हणून बाहेर आली. खरं सांगायचं तर तिच्या मनात जरासं असंही आलं, की धाकटीची जिरायला हवीच होती.

पंधरवडा गेला आणि धाकटीला जाड्याचा फोन आला. "मॅडम, जरा येऊन जाता का? मला काही सुचत नाहीये."

ती गेली तेव्हा बारक्याची खुर्ची रिकामी होती. जाड्यानं खेळ लावला. कपाट जिन्यावरून उतरत होतं, कठड्याला आदळत होतं, दोन्ही माणसांची तोंडं उघडमीट होत होती, आणि आवाज मात्र कसलाच नव्हता. खाली छापखान्याचं मशीन चाललं होतं तेवढंच ऐकू येत होतं.

"त्यानं सगळे काढून टाकले," जाड्या म्हणाला. "स्वतःचे तर काढलेच, पलंगाचा, टेबलाचा, सगळे. म्हणतो, दुसऱ्या कुणाचा तरी आवाज घे. घरी बसलाय. त्याच्या आईनं फोन केला होता, की हा घरातही बोलत नाही, मान हलवतो नुसती. मॅडम, पैसे परत केले तर सुटका होईल का आमची?"

धाकटीच्या हातात करण्यासारखं काहीच नव्हतं. शिव्या होत्या त्या दुसऱ्यांच्या दुकानात. तिथं जिचा हात पोचत होता अशी एकच व्यक्ती तिच्या ओळखीची होती, आणि ती तिच्याशी बोलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली गच्चीत कपडे वाळत घालत होती. धाकटी वर गेली आणि बादलीतली चादर उचलून तिचं एक टोक थोरलीच्या हातात दिलं. दोघींनी चादर पिळली, झटकली.

"ताई, माझं चुकलं. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

थोरली चिमटे लावत राहिली.

"माझ्यावर राग धरा. मी त्यासाठी नाही आले. तो मुलगा बोलायचा थांबलाय. स्वतःचा आवाज खेळातून काढून टाकलाय त्यानं. ते पान..."

"वाचलंय मी ते पान," थोरली म्हणाली. "रोज वाचते. तुझ्यापेक्षा जास्त वाचलंय." मग म्हणाली, "मला वाटलं होतं, घडेल तुला चांगली अद्दल. पण त्यातलं तुझ्या अंगावर काय पडतंय? तुला तर तिथं कुणी ओळखतही नाही. सगळं त्या पोराच्या अंगावर." तिनं राहिलेला चिमटा दोरीला नुसताच लावून टाकला. "तो आवाज बाबांना किती आवडायचा."

त्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या ती साहेबांना जाऊन म्हणाली, "मी ते पान साफ करतेय. तुम्हाला न सांगता करता आलं असतं, पण सांगून करतेय."

"आपलं ठरलं होतं ना?"

"राग राहू देते. शिव्या काढते. राग आणि शिव्या यांतला फरक मला कळतो, तुम्हालाही कळतो. तुमच्या मुलीनं उद्या खेळ बनवला आणि तिच्या आवाजाची कुणी अशी फीत केली तर?"

साहेबांचा चेहरा पडला. "मुलीला मध्ये आणू नका," ते म्हणाले. थोरलीलाही वाटलं, जरा जास्तच बोलले. पण त्यांनी तिला अडवलं नाही.

पान साफ करायला तिला बरेच दिवस लागले. शिव्या गेल्यावर खाली जे उरलं ते वाचून ती चकित झाली. उरलेले लोक बहुतेक रागावलेले नव्हतेच, अडलेले होते. एकानं लिहिलं होतं: मी आणि माझी बहीण लांब राहतो. ती नवं दुकान वापरते, मी जुनं. माझा कॉम्प्युटर इतका जुना आहे की दुसरं दुकान उघडलं तर तो झोपतो. कपाट धरायला दोघं लागतात. मी आता काय करू?

संध्याकाळी भांडी आवरताना थोरलीनं ते धाकटीला वाचून दाखवलं. "याला काय उत्तर देऊ?"

सासूबाईंनी आतून विचारलं, "दुकानं बंद आहेत ना?"

"जेवण झालंय, आई," दोघी एकदम म्हणाल्या.

धाकटी हातातलं ताट पुसायचं विसरली. "ताई, करारात विकायचं म्हटलंय. विकायचा तो फक्त आमच्याकडे. पण दुसरं टोक फुकट दिलं तर? ज्यानं विकत घेतला त्यानं कपाटाचं एक टोक धरायचं, आणि त्याच्या जोडीदाराला दुसरं टोक फुकट. ते फुकटचं टोक तुमच्या दुकानात राहायला काय हरकत आहे?"

"आमचे साहेब म्हणतील, आपल्या दुकानात बसून समोरच्याची विक्री का वाढवायची?"

"आणि आमच्या बाई म्हणतील, मग वर्षभराचा करार केला कशाला?"

दोघी एकमेकींकडे बघून पहिल्यांदा हसल्या. काम अवघड आहे हे कळल्याचं हसू होतं ते.

प्रत्येकीनं आपलं आपलं दुकान लढवलं. थोरलीनं साहेबांना सांगितलं, की वाट बघणारे आपलेच आहेत. फुकटचं टोक इथं ठेवलं तर ते इथंच राहतील आणि वर्ष संपल्यावर इथंच विकत घेतील. ठेवलं नाही तर कायमचे तिकडे जातील. साहेब दोन दिवसांनी "करून बघा" म्हणाले. धाकटीच्या बाईंनी प्रकरण वकिलांकडे पाठवलं. वकिलांनी करार उलटसुलट वाचला आणि कळवलं, की फुकट देणं म्हणजे विकणं नव्हे, नाराजी असली तरी आडकाठी करता येणार नाही. बाईंनी मान्य केलं, पण धाकटीला पुढच्या मोठ्या खेळाचं काम मिळणार होतं ते दुसऱ्याला गेलं. याबद्दल ती घरी काही बोलली नाही. नवऱ्याला कळलं तेव्हा त्यानं एवढंच केलं, की नव्या दुकानातून आयुष्यातला पहिला खेळ विकत घेतला.

खरं काम जाड्याच्या वाट्याला आलं. एका दुकानातले मित्र दुसऱ्या दुकानाला ओळखत नाहीत. तिथं नाव टाकून हाक मारली तर कुणी ओ देत नाही. त्यानं दोन्ही दुकानांना वळसा घालून खेळाचाच एक दरवाजा केला. एकानं खुणेचा शब्द सांगायचा, दुसऱ्यानं तो लिहायचा, की दोघं एका जिन्यावर. तो दरवाजा सारखा अडकत होता आणि एकट्या जाड्याच्या नाकी नऊ आले होते.

बारक्या एका सकाळी आपणहून आला. जाड्यानं त्याला साफ झालेलं पान दाखवलं नव्हतं, कुणी समजूतही घातली नव्हती. तो म्हणाला, "घरी आई सारखी विचारते, काय खाणार." आणि खुर्चीत बसला. दुपारपर्यंत नुसता बसला. मग विचारलं, "पलंगाचे आवाज तुझ्याकडे आहेत का कुठे जपून?" जाड्याकडे सगळेच होते. त्यानं एकही पुसला नव्हता.

आवाज परत आले. बारक्याचा "हुश्श"सुद्धा आला. पण खेळ संपल्यावर जी नावं येतात त्यांतून बारक्यानं आपलं नाव काढून घेतलं आणि जाड्यानं किती विनवलं तरी परत घातलं नाही.

खेळ बाजारात आला. फार मोठा गाजला नाही, पडलाही नाही. काही लोकांनी शेवटपर्यंत माफ केलं नाही. तसं ते अधूनमधून लिहीतही राहिले, आणि थोरलीनं ते राहू दिलं. बाकीच्यांनी कपाटं उतरवली. त्या बहीणभावानं तर असं लिहिलं, की आम्ही लहानपणी जितके भांडलो नाही तितके या जिन्यावर भांडलो. वर्ष संपलं तेव्हा खेळ जुन्या दुकानातही विकायला आला आणि साहेबांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त खपला. मीटिंगमध्ये थोरली बोलायला लागली की आता ते चष्मा काढून ऐकायचे.

पुढच्या वर्षी जाड्याचा दोघींना निरोप आला. नवा खेळ तयार होत होता. दोन्ही दुकानांनी काय द्यायचं ते सांगावं, पण एकाच दिवशी, एकाच खोलीत, एकमेकींसमोर. "पाठीमागे ठरवलं की काय होतं ते आम्ही बघितलंय," असं त्यानं लिहिलं होतं.

त्या दिवशी दोघी एकाच बसनं निघाल्या. वाटेत हवापाण्याच्या गप्पा मारल्या. छापखान्याचा जिना चढताना थोरली म्हणाली, "वर गेल्यावर मी तुझी जाऊ नाही बरं का."

"मीही नाही," धाकटी म्हणाली आणि थोरलीच्या ओढणीला लागलेलं कुसळ काढलं.

दोघींनी आपापली बाजू जीव तोडून मांडली. थोरलीनं गिऱ्हाइकांचा पसारा सांगितला, धाकटीनं कमी कमिशन आणि आगाऊ पैसे सांगितले. एकदोनदा चकमकही झाली. बारक्या सगळा वेळ ऐकत होता. अखेर त्यानं थोरलीला विचारलं, "ते पान तुम्ही साफ केलंत ना?"

"उशिरा केलं," थोरली म्हणाली. "आधीच करायला हवं होतं."

त्यानं मान हलवली. दोघं मित्र बाहेर जिन्यात जाऊन कुजबुजले आणि परत आले. नवा खेळ दोन्ही दुकानांत एकाच दिवशी येणार होता. आगाऊ रक्कम नको होती. जुन्या खेळानं घर चालेल एवढं दिलं होतं.

परतीच्या बसमध्ये दोघींना शेजारी जागा मिळाली. थोरलीनं विचारलं,

"उद्या बाईंना काय सांगशील?"

"सांगेन, समोरची फारच चांगलं बोलली."

"बोलले का मी?"

"छे. अडखळत होतात नुसत्या. पण बाईंना कुठे माहितेय?"

थोरलीनं तिला कोपरानं ढोसलं. मग पर्समधून चॉकलेट काढून त्याचे दोन तुकडे केले, आणि मोठा तुकडा कुणी घ्यायचा यावरून दोघींची उतरायच्या थांब्यापर्यंत हुज्जत चालली.